टेम्पोतली फर्स्ट एड पेटी

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत, चार ड्रायव्हर चहाला जमले की आपोआप साचतात. रबाळ्याच्या आमच्या यार्डात डिलिव्हरीच्या टेम्पोंची जबाबदारी माझ्याकडे, प्रत्येक गाडीतल्या फर्स्ट एड पेटीसकट. त्यामुळे माझा साठा पेट्यांचाच!

म्हात्रे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, शिरवण्याचे. एकदा त्यांच्या पेटीत बँडेजच नाही. बघते तर निखळलेला साइड मिरर बँडेजने मस्त गुंडाळलेला!

"म्हात्रे, हे काय?"

"त्याला पन लागलेलं ना मॅडम!"

मी नवा रोल दिला. आरशासाठी सुतळीही दिली.

*

दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली. पेटीलाही हळदकुंकू आणि झेंडूची माळ. मला काय आनंद झाला! दिवाळीत बघते तर म्हात्रेंच्या अंगठ्याला ऑइलचं फडकं, वर रक्त.

"पेटी का नाही उघडली?"

"पूजेची हाय मॅडम. रक्ताचा हात कसा लावू?"

"लावायचा! त्यासाठीच आहे ती!" मी तिथल्या तिथे माळ काढली, अंगठा धुतला आणि पट्टी बांधली.

*

खरं भांडण मॅनेजर साहेबांशी. सामान चोरीला जातं म्हणून त्यांनी सगळ्या पेट्या केबिनच्या कपाटात बंद केल्या. तपासणीला कोणी आलं की गाड्यांत, गेलं की परत कपाटात!

"साहेब, अपघात काय तुमच्या केबिनमध्ये येऊन होणार आहे?"

"पट्ट्या चोरतात ही माणसं."

"चोरू द्या! ज्याला लागलंय तोच चोरणार ना?"

"आरशाला लागलं होतं?"

"हो, आरशालासुद्धा!"

साहेबांचा आवाज अख्ख्या यार्डाला ऐकू जाईल इतका चढला. "एकही पेटी गाडीत दिसली, तर तुम्ही यार्डात दिसणार नाही!"

नोकरी मला हवी होती, खोटं कशाला बोलू? पण डोकं भयंकर फिरलं होतं. कपाटाची एक चावी माझ्याकडेही असते. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब यायच्या आत सगळ्या पेट्या गाड्यांत ठेवल्या आणि ड्रायव्हरांना सांगितलं, "कोणी विचारलं तर बिनधास्त माझं नाव घ्या."

*

नेमके त्याच दिवशी साहेब म्हात्रेंच्या टेम्पोतून खारघरला एका कस्टमरकडे गेले. थोड्या वेळाने म्हात्रेंचा फोन, स्पीकरवर.

"मॅडम, साहेबांचं बोट दरवाज्यात सापडलंय. रक्त येतंय."

"मग उघडा ना पेटी! सीटखाली आहे!"

"उघडतो. साहेब, आधी तुमी सांगा, पेटी गाडीत ऱ्हानार का कपाटात?"

"अरे, उघड आधी!"

"तसं नाय साहेब. मॅडमच्या नोकरीचा सवाल हाय."

"गाडीत राहील रे बाबा! सगळ्या गाड्यांत राहील!"

"आनि मॅडम?"

"त्यापण राहतील!"