मोहाचा गुडाखू

सातवीत शाळा सुटली आणि लग्नानं मी भोकरहून लातुरात येऊन पडले. साल दुष्काळाचं, आणि लातूर नुकताच जिल्हा झालेला. कचेरीच्या कामाला आलेली माणसं उन्हाची आमच्या ओसरीवर टेकायची. पाणी द्यायचं तर हात आखडायचा, म्हणून सासरे त्यांच्यापुढं गुडगुडी सरकवायचे.

तिच्यातला तंबाखू, म्हणजे गुडाखू, घरीच व्हायचा. कुटलेल्या पानात गुळाचा पाक, पिकलं केळं नि लवंगा मळून मडक्यात मुरवायचा. सासूबाईंचं मनगट वातानं धरलं, तसं मडकं माझ्याकडं आलं.

"बिघडला तर पाव्हण्यांत इज्जत जाईल," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यात ऊस वाळलेला, बाजारातला गूळ खारट. माहेरहून बांधून दिलेली वाळकी मोहाची फुलं डब्यात होती. आमच्याकडं ती भाजून खातात. मी ती भिजवली, वाटली, आटवली आणि कुणाला न विचारता तंबाखूत मळली.

मडक्याचं फडकं सोडलं त्या सकाळी सासूबाई नाकाला पदर लावूनच आत आल्या.

"आगं, दारूचा वास यायलाय की."

आमचं घर लिंगायत, गळ्यात लिंग बांधणारं. दारूचं नावही उंबऱ्याच्या आत नको.

"मोहाची फुलं हायेत, आत्या. गुरंबी खातात."

"गुरं ओसरीवर बसून गुडगुडी ओढतात व्हय?"

तेवढ्यात बाहेरून सासऱ्यांची हाक आली, "चिलीम भरली का?" औशाचे पाव्हणे येऊन बसले होते आणि जुना गुडाखू संपला होता. सासूबाईंनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग त्या दुखऱ्या हातानंच चिलमीत गुडाखू दाबला, वर निखारा ठेवला.

"जे व्हईल ते दोघींचं व्हईल," म्हणाल्या. ते 'दोघींचं' मी अजून जपून ठेवलंय.

मी दाराआड. सासऱ्यांनी झुरका घेतला, डोळे मिटले. गुडगुड थांबली. मग ती पुन्हा सुरू झाली, चांगली लांबलचक. नळी पाव्हण्याला देता देता त्यांनी हात मागं घेतला नि आणखी एक झुरका ओढला.

"सोडा की आता. आमीबी उन्हातूनच आलाव."

"दम धरा. सुनेच्या हातचा हाय."

जाताना पाव्हण्यानं पुडी मागितली. सासऱ्यांनी ती काही दिली न्हाई.

सासूबाईंनी मडक्याला फडकं बांधलं आणि भोकरला निरोप धाडला: डब्यानं भागत न्हाई, पोतं पाठवा.