कमी बदलाची गाडी

ऑकलंड सोडून वीस तास झाले तरी शैलाच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. समोरच्या पडद्यावर मुंबई अजून दीड हजार किलोमीटर. एकूण अंतर बारा हजार तीनशे, त्यात सिंगापूरला सहा तासांचा खोळंबा. धाकटा भाऊ दिनू फोनवर एवढंच म्हणाला होता, "अण्णांचं जरा जास्त आहे, ये निघून." आपल्याकडे वाटेतल्या माणसाला खरं सांगतंय कोण! वडील गेलेत हे अख्ख्या विटा गावाला ठाऊक आहे, हिला तेवढं नाही.

आकडे बघता बघता पापण्या जड होतात.

शेजारी अण्णा बसलेत. अंगात खाकी शर्ट, खिशाला पेन. एकतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होते, रिटायर झाल्यावरही बोलणं ड्युटीवरचंच.

"बदल किती तुझ्या गाडीला?"

"एकच, अण्णा. दुपारचं विमान पाच तास आधी पोचत होतं, पण दोन ठिकाणी बदलायचं. एखादं चुकलं तर काय, म्हणून संध्याकाळचं घेतलं."

"बरोबर केलंस. कमी बदलाची गाडी घ्यावी."

"पण मी पोचेन ना वेळेत?"

"मुंबई ते विटा सात तास धरलेस का?" असं म्हणत ते उठतात आणि चौकशीच्या खिडकीमागं जाऊन बसतात. विट्याचाच स्टँड आहे. शैला बॅग घेऊन फलाटावरून पळतेय, पाय काही उचलत नाहीत. भोंग्यातून अण्णांचा आवाज येतो, "हळू या. पळू नका. गाडी लागलेली आहे."

शैला पळायची थांबते. गाडी सुटून गेली की अण्णा हेच म्हणायचे, धावत येणारा माणूस पडू नये म्हणून. तो टेकला, पाणी प्यायला, की मग खरं सांगायचे.

ती खिडकीशी येते. "किती वाजता सुटली, अण्णा?"

"बस आधी. पाणी पी."

"नको. सांगा मला."

अण्णा जाळीतून तिचा हात ओढून घेतात. पेनाचं टोक तळव्याला टोचतं. "दिनूला बोलू नकोस हं. लांबून येणाऱ्याला असंच आणायचं, मीच शिकवलंय त्याला."

चाकं धावपट्टीला टेकतात. बाहेर लख्ख ऊन. शेजारची सीट रिकामी, आणि तिच्या डाव्या तळहातावर निळ्या शाईत लिहिलंय: सुटली पहाटे ४.४५.

दिनूचा फोन आला तेव्हा विट्यात सकाळचे साडेसहा वाजले होते. म्हणजे दुपारचं विमान धरलं असतं तरी काही उपयोग नव्हता. तिला रडूही येत नाही.

सगळे उठून बॅगा काढायला लागतात. पलीकडच्या रांगेतल्या काकू वाट सोडून उभ्या राहतात. "वडील सीरियस आहेत म्हणालात ना? व्हा तुम्ही पुढं."

शैला मूठ मिटते. "तुम्ही व्हा, काकू. मला घाई नाही."