झाकण उघडायचं नाही!

जगातलं काहीही नाहीसं होत नाही, हे मी आयुष्यभर नववीच्या मुलांना शिकवलं. (मुलं मात्र माझ्या तासाला नाहीशी व्हायची.) रासायनिक क्रियेआधी जेवढं वस्तुमान, तेवढंच नंतर. निवृत्तीनंतर हा नियम ऐकवायला एकच विद्यार्थिनी उरली, ती म्हणजे माझी बायको सुनंदा.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सध्या बायोएंझाइमची साथ आहे. मोसंबीच्या साली, गूळ आणि पाणी बाटलीत आंबवायचं आणि त्यानं फरशी पुसायची. यंदा कचरा समितीची अध्यक्षा निवडायची होती. वर्षानुवर्षं त्या खुर्चीत बसलेल्या कुलकर्णी बाईंविरुद्ध सुनंदा उभी होती. निवडीआधी दोघींनी सभेत आपापली बाटली दाखवायची असं ठरलं. सुनंदानं त्यासाठी अख्ख्या बिल्डिंगमध्ये घरोघरी फिरून साली गोळा केल्या होत्या.

आणि ऐन वेळी तिला कात्रजला बहिणीकडे चार दिवस जावं लागलं.

"अहो, रोज झाकण सैल करून गॅस सोडा. विसरू नका."

"गॅसलाही वजन असतं, सुनंदा. सोडला तर वस्तुमान कमी होईल."

"होऊ दे. फरशीला कळत नाही ते."

ती गेली आणि मी शास्त्राच्या बाजूनं उभा राहिलो. झाकण घट्ट पिळलं, स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि सकाळ-संध्याकाळ बाटली जोखू लागलो. वजन तस्संच! दुसऱ्या दिवशी मात्र जरासं कमी भरलं. झाकणातून बारीक सुस्कारे येत होते. मी तडक बुधवार पेठेतून चिकटपट्टी आणली आणि बाटलीच्या गळ्याला मफलरसारखी गुंडाळली. मग बाटलीचं बूड फुगलं, ती उभी राहीना. तिला पातेल्यात बसवलं. शेवटी तर पोट दगडासारखं टणक लागायला लागलं. इतकी गुटगुटीत बाटली कुलकर्णी बाईंकडे नक्कीच नसणार, या विचारानं मला भरून आलं!

सुनंदा कात्रजहून परस्पर सभेला आली. मी घरून आणलेल्या बाटलीला हात लावताच तिचा चेहरा उतरला.

"अहो, झाकण रोज उघडलंत ना?"

"एकदाही नाही! पट्टी लावल्यापासून एक ग्रॅमसुद्धा कमी झालेला नाही."

"मग आता झाकणाला हात लावू नका. हळूच उचला आणि गच्चीवर नेऊन ठेवा."

पण समोर भरलेलं सभागृह आणि हातात माइक! एवढी हजेरी मला नोकरीत कधी लाभली नव्हती. "आता नीट लक्ष द्या," असं म्हणत मी पट्टी सोडली आणि झाकणाला एक आटा दिला.

झाकण छतावर आपटलं. मागोमाग बाटलीतलं सगळं पंख्यावर गेलं. पंखा चालू होता. त्यानं मालक, भाडेकरू, चेअरमन, सेक्रेटरी असा कसलाही भेदभाव न करता सगळ्यांना सारखं वाटप केलं. (आमच्या सोसायटीत हे पहिल्यांदाच घडलं.)

"घाबरू नका!" मी माइकवर ओरडलो. "वस्तुमान तेवढंच आहे!"

"हो का?" अंबाड्यातली साल उपसत कुलकर्णी बाई म्हणाल्या. "मग माझ्या वाट्याचं परत घेऊन जा."

सुनंदा रिकामी बाटली हातात धरून खाली बघत राहिली. मला खरंच फार वाईट वाटलं. इतक्या दिवसांची तिची मेहनत मी एका आट्यात घालवली होती.

तेवढ्यात कुलकर्णी बाई उठल्या. माइक पदरानं पुसला.

"मी माझं नाव मागे घेते," त्या म्हणाल्या आणि गुळाच्या पाण्यानं निथळणाऱ्या माझ्याकडे बोट दाखवलं. "ज्या बाईनं हे घरात इतकी वर्षं सांभाळलंय, तिला ओल्या कचऱ्याचं आपण काय शिकवणार?"

ठराव एकमतानं मंजूर झाला. अनुमोदन मीच दिलं.