एकवीस खुणा

विलास सातपुते रोज सकाळी दुकानात उदबत्ती लावायचा आणि मग कार्डं भरायला बसायचा. गाड्या अजून यायच्या असत. कार्डं आधी तयार.

चिखलीच्या रस्त्यावरचं ते दुकान. पंधरा मिनिटांत ऑइल बदलून मिळतं, वर एकवीस गोष्टींची तपासणी मोफत. कार्डावर एकवीस चौकटी, एकवीस खुणा. चहा निवेपर्यंत विलासच्या हातून गठ्ठा संपायचा. परभणीहून आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याने एका गाडीचं चाक खोलायला घेतलं होतं. मालक रणजीतशेठ हसले होते.

"परभणीकर, गाडीचं लग्न लावायचंय का? गिऱ्हाइकाला तपासणी नको असते. बरोबरच्या खुणा हव्या असतात."

त्यानंतर विलासने चाक खोललं नाही.

सोपानराव मूळचे चिखलीचेच. जमीन गेल्यावर ठेकेदाराची बारा सीटची गाडी चालवायचे. चाकणच्या कंपनीतल्या बायकांना शिफ्टला न्यायचे, आणायचे. विलासने दिलेलं कार्ड ते आरशाला अडकवून ठेवत. कुणी गाडीला नावं ठेवली की कार्डाकडे बोट.

"आमच्या गाडीची एकवीस जागी नाडी बघितलीय. तुझी बघितली का कुणी?"

एका मंगळवारी ही गाडी आली. विलास गाडीखालच्या खड्ड्यात उतरून ऑइल सोडत होता. सहज मान वळवली तर मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू ओली. ब्रेकचं तेल तिथूनच गळतं, हे त्याला ठाऊक होतं. पण गाडी धुऊन आणली असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. त्याने सकाळी भरलेलं एक कार्ड उचलून दिलं.

शुक्रवारी मोशीच्या उतारावर गाडी थांबली नाही. नाल्यात गेली. बाकीच्या बायका वाचल्या. त्यांच्यातली स्वप्नाली गेली. बावीस वर्षांची होती.

ठेकेदाराने आरशाला अडकवलेलं कार्ड पोलिसांपुढे केलं. ब्रेकसमोर खूण होती. गाडी ठीक, म्हणजे माणूस चुकला. गाडीचा चेंदामेंदा झालेला, ती भंगारात गेली.

महिनाभर विलास सोपानरावांच्या आळीत फिरकला नाही. ब्रेकची चौकट सातवी. तिथे पेन थांबायचं. मग पुढे जायचं. खड्ड्यात उभा राहिला की तो वरच्या प्रत्येक चाकाला आतून हात लावून बघे. चाक कोरडं असे. हात ओला वाटे. पुसला तरी वाटे.

शेवटी एका रविवारी तो गेला. सोपानराव ओट्यावर बसले होते. डाव्या पायाला प्लास्टर.

"ये, परभणीकर. तोंड कशाला पाडतोस? तुझी काय चूक न्हाई. तू समदं तपासलं व्हतंस. माझाच डोळा लागला आसंल."

"लागला होता, काका?"

"मला वाटतं, मी जागा व्हतो. पाय दाबला आन् पेडल पार तळाला गेलं. आसं आठवतंय. पण कार्डावर खूण हाय ना! म्हंजी त्ये सपान आसंल. झोपंत पोरगी मारली मी, लेका."

आतून त्यांच्या पत्नी सुभद्राबाई चहा घेऊन आल्या. "दिसभर ह्येच चाललंय यांचं," त्या म्हणाल्या. "बसल्या बसल्या पाय दाबत्यात."

विलासने कप घेतला नाही.

"काका, मी बघितलंच नव्हतं."

"काय?"

"ब्रेक. खूण सकाळीच केली होती. तुमची गाडी यायच्या आधी. चाक आतून ओलं होतं, ते पण दिसलं होतं मला."

आता काठी बसेल, असं विलासला वाटलं. बसली असती तर बरं झालं असतं. सोपानरावांनी उजवा पाय फरशीवर दाबला. सावकाश. पूर्ण.

"मंग पेडल गेलं व्हतं."

"गेलं असणार, काका."

"मी जागा व्हतो."

"जागे होता."

सोपानरावांनी डोळे मिटून घेतले. मग उघडले.

"आगं, टोपी दे माझी."

"आता या पायानं कुठं?"

"स्वप्नालीच्या आईकडं." मग विलासकडे न बघता म्हणाले, "ह्येच तिथं सांग. समदं. वल्या चाकाचं बी."

त्यांनी उठायला हात वर केला. तो धरण्याआधी विलासने आपला हात पँटला पुसला. दोनदा.