शेरूचं जाकीट आणि माझं डाएट

आयुष्यात मी एकदाच वजन कमी करायचं मनावर घेतलं आणि त्या काळात माझं वजन तीन किलोंनी वाढलं.

कसं, ते मला आजही कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे सुनंदाला, सांगू नका. आपल्याला पहिल्या दिवसापासून कळलं होतं, असं तिचं म्हणणं आहे.

निमित्त झालं माझ्या भाचीच्या, प्राचीच्या, हळदीचं. आमच्याकडे लग्न एक वेळ साधं होईल, पण हळद? नाव नको! हळदीला अख्ख्या घराने एकाच कापडाचे कपडे घालायचे, असा हल्ली कायदाच झालाय. त्यात आम्ही पडलो भिवंडीकर. कापड दुकानातून आणलं तर गाव हसेल! म्हणून दाजींनी (माझ्या बहिणीचे, बेबीताईचे, यजमान; पूर्णा गावात त्यांच्या जागेवर गोदाम उभं आहे) नारपोलीतल्या ओळखीच्या लूमवर खास तागा विणून घेतला आणि पोपटी रंगात रंगवून आणला. इतका पोपटी की खऱ्या पोपटाला कॉम्प्लेक्स यावा.

माप द्यायला मी इब्राहिम मास्टरकडे गेलो आणि तिथेच माझं डोकं जरा जास्त चाललं.

"मास्टर, पेट में तीन इंच कम रखो."

"पेट तो सामने है साहब. कम कैसे रखूँ?"

"हल्दी तक अंदर जाएगा."

"किधर जाएगा?"

प्रश्न बिनतोड होता. मी म्हणालो, "डाएट चालू करतोय." मास्टरने एकदा टेपकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तीन इंच कमी करून टाकले. शर्ट झाले, साड्यांवरचे ब्लाउज झाले, तागा संपला. उरल्यासुरल्या तुकड्याचं प्राचीने शेरूला जाकीट शिवून घेतलं. शेरू म्हणजे तिचा कुत्रा. पिल्लू होता तेव्हापासून तिने सांभाळलाय, त्यामुळे फोटोत तो हवाच.

ताईने मला फोनवर दम भरला, "हे बघ भावा, पयली हलद मामाची. तू आमच्या रंगात पायजेस! दुसरा शर्ट घालून आलास ना, तर तुझा मान नाक्यावरच्या रिक्षावाल्याला देईन."

ताई बोलते ते करते. मी दुसऱ्याच दिवशी डाएट सुरू केलं.

मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. तिथे वजनावर सल्ला न देणारा एकच जण आहे, तो म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. एकाने लिंबू-मध सांगितलं, दुसऱ्याने भिजवलेले बदाम, तिसरीने ओट्स, चौथीने मोड आलेले मूग. मी कुणाचंही मन मोडलं नाही. लिंबू-मध घेतलं, बदाम खाल्ले, ओट्स खाल्ले, मूग खाल्ले आणि मग कांदेपोहे घ्यायला बसलो.

सुनंदा बघतच राहिली. "अहो, ओट्स नाश्त्याऐवजी खायचे असतात!"

"मग नाश्ता कशाऐवजी खाऊ?"

तिने पोह्यांचं पातेलं उचलून आत नेलं. तिलाही माहीत नसावं.

चहातली साखर मात्र मी एका फटक्यात तोडली. बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरेना म्हणून सोबत खारी घ्यायला लागलो. खारी गोड नसते, त्यामुळे ती किती घ्यावी याला काही बंधन नव्हतं.

आणि तेवढ्यात केळवणं सुरू झाली! लग्नाआधी नातेवाईक एकेक करून नवरीला जेवायला बोलावतात, आणि आमच्या प्राचीला मामाशिवाय कुठे जायला आवडत नाही. मी हिशेब मांडला (तोंडी): दुपारचा डबा बंद केला की रात्रीचं जेवण फुकटात पडतं. झालं! दुपारी उपाशी राहायचो आणि संध्याकाळी केळवणाच्या घरात शिरताना माझी नजर नवरीच्याही आधी स्वयंपाकघराकडे जायची.

दाजींच्या आत्याबाईंनी तर कहरच केला. कोलंबीचं कालवण, तळलेले बोंबील, वडे! मी दोन वडे खाऊन हात आखडता घेतला.

"मामा, जेवत का न्हाय? आमच्या हातचं आवडलं न्हाय का?"

"तसं नाही हो आत्याबाई, डाएटवर आहे."

"मंग वडे नको खाव. तेलकट हायेत," असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात तांदळाच्या तीन भाकऱ्या वाढल्या. त्यांची समजूत बघून मला भरून आलं. त्या माउलीसाठी मी भाकऱ्या संपवल्या आणि वड्यांना वाईट वाटू नये म्हणून वडेही संपवले.

दर रविवारी मी दाजींकडच्या गोदामात जाऊन पार्सलच्या काट्यावर उभा राहायचो. पहिल्या रविवारी आकडा वर गेला. पुढच्या रविवारी आणखी वर! मी चपला काढल्या, पट्टा काढला, खिशातल्या किल्ल्या काढल्या. आकडा ढिम्म.

मी वॉचमनला म्हटलं, "काँटा खराब है तुम्हारा."

"साहब, दिनभर इसी पे माल जाता है," तो नम्रपणे म्हणाला. "आज तक किसी माल ने शिकायत नहीं की."

हळदीच्या दिवशी सकाळी ताईच्या घरी शर्ट अंगात घातला. खरं तर मीच त्यात कसाबसा घुसलो. वरची दोन बटणं लागली. तिसरं सुनंदाने दोन्ही हातांनी ओढून लावलं.

"आता श्वास सोडू नका."

"किती वेळ?"

"हळद उतरेपर्यंत."

मी "अगं पण" म्हणालो आणि दोन्ही बगलांखालून शर्ट टरटर फाटला. बटणं मात्र शाबूत राहिली. इब्राहिम मास्टरचं काम चोख असतं.

ताई डोक्याला हात लावून बसली. दाजींनी मास्टरला बोलावून घेतलं. मास्टर म्हणाला, "बाजू में पट्टी डाल दूँगा, आधे घंटे का काम है. बस, कपड़ा यही चाहिए." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तागा कधीच संपला होता. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा दारात बसलेल्या शेरूकडे वळल्या. शेरू नव्या जाकिटात ऐटीत बसला होता.

मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं (तिला तरी ते झेपलं असतं का, कोण जाणे!). मी म्हणालो, "राहू दे गं प्राची. मान रिक्षावाल्याला द्या."

प्राचीने माझ्याकडे पाहिलं, शेरूकडे पाहिलं आणि डोळे पुसत जाकिटाची नाडी सोडली. "पहिली हळद मामाच लावणार," ती म्हणाली. खरं सांगतो, मला हुंदकाच आला. पण शर्ट अंगात असल्यामुळे तो आतल्या आत गिळावा लागला.

संध्याकाळी दोन्ही बगलांखाली शेरूचं जाकीट घेऊन मी मांडवात उभा राहिलो. सगळे पोपटी, मीही पोपटी. ताईचा चेहरा उजळला. कुणाला काही कळण्यासारखं नव्हतं. एक शेरू सोडून. तो नाक वर करून माझ्या मागे मागे फिरत होता. मी बसलो की बसायचा, उठलो की उठायचा. पाहुणे म्हणाले, "मामाचा फार लळा आहे हो त्याला!"

मांडवात वाजणारा बँजो थांबला. मी हळदीची वाटी घेतली आणि प्राचीच्या कपाळाकडे हात उचलला. हात वर गेला, तशी बगल उघडी पडली, आणि शेरूने आपल्या जाकिटावर झेप घेतली! वाटी उडाली. सगळी हळद माझ्यावर आणि शेरूवर. मी घाबरून ताईकडे बघितलं. तेवढ्यात प्राची पुढे झाली आणि तिने माझा हळदीने माखलेला हात धरून स्वतःच्या गालावर फिरवला.

"लागली पहिली हळद," ती म्हणाली आणि इतकी हसली की ताईलाही हसावं लागलं.

ताईच्या दिवाणखान्यात तो फोटो मोठा करून लावलाय. सगळं घराणं पोपटी, आणि मधोमध पिवळेधमक आम्ही दोघं, मी आणि शेरू. डाएट मी त्याच रात्री सोडलं. आता कुणी विचारलं, "वजन फार वाढलंय का हो?" तर मी खरं तेच सांगतो, "छे, फार नाही. एका कुत्र्याच्या जाकिटाएवढं."