देवघरातला काळा ठिपका

हे आईलाही माहीत नाही. नवऱ्याला दोनदा सांगायला गेले आणि दोन्ही वेळा भाजीचं काहीतरी बोलून उठले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही अप्पांना ओळखत नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. लातूरजवळच्या मुरूडला आमचं कापडाचं दुकान. कंपवाताने आधी त्यांचा डावा हात धरला — तोच, ज्याच्या तळव्यावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन ते रोज सकाळी पूजा करायचे. लिंग पडेल या धास्तीने ते पूजेलाच बसेनात. दुकानात कापड नीट धरता येईना, त्याचं त्यांना काही नव्हतं. पण पूजेचं — एकदा मी त्यांना देवघराकडे पाठ करून रडताना पाहिलं.

मी तेव्हा नांदेडला याच आजारावर संशोधन करत होते. पांढऱ्या उंदरांच्या मेंदूची एक बाजू निकामी करायची, तिथे मूळपेशी सोडायच्या आणि त्या जगतात का ते पाहायचं. आता जिवंत उंदराच्या मेंदूत डोकावणार कसं? म्हणून पेशींमध्ये आधीच लोहाचे बारीक कण भरायचे. मग एमआरआयमध्ये त्या जागी काळा ठिपका दिसतो. स्कॅनसाठी आम्ही उंदीर हैदराबादला न्यायचो. आठवडे गेले तरी ठिपका तसाच. मला आनंद मावेना. चित्र छापून घेतलं आणि थेट मुरूड गाठलं. अप्पा, या पेशी जगल्यात, मी म्हणाले. मला तेव्हा तसंच वाटत होतं — इथवर खोटं नव्हतं.

त्याच महिन्यात लातूरच्या डॉक्टरांनी मेंदूत तार बसवायचं ऑपरेशन सुचवलं. हाताचा कंप बराच थांबेल, पण वेळेत करा, म्हणाले. अप्पा घरी येऊन हसले.

"माय, तुझ्या पेशी रुजल्यात की. मग मी डोस्कं कशाला फोडून घेऊ? थांबतो मी."

थोड्याच दिवसांत आम्ही उंदीर मारून त्यांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आमच्या पेशी मेल्या होत्या. मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशींनी त्यांना गिळलं होतं आणि लोह तिथेच उरलं होतं. ठिपका त्या लोहाचा. मला आधीच शंका यायला नको होती का? औषध टोचलं की ते उंदीर एकाच बाजूला गरागरा फिरायचे. पेशी जगल्या असत्या तर ते फिरणं कमी व्हायला हवं होतं. ते कधी कमी झालंच नव्हतं.

मग हे मी लपवलं का? नाही — तीच तर गंमत. सरांना सांगितलं. प्रबंधात अख्खं प्रकरण लिहिलं. परीक्षकांनी प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. सगळ्यांना खरं सांगितलं, एका माणसाला सोडून. प्रबंध अप्पांनाच अर्पण केलाय. मुरूडच्या घरात तो कपाटात आहे, इंग्रजीत. अप्पांना इंग्रजी येत नाही.

का नाही सांगितलं? एक फोन पुरला असता. पण ते गिऱ्हाइकांना मी दिलेलं ठिपक्याचं चित्र दाखवत होते — आणि मला त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. बस, एवढंच. त्यांची आशा मोडू नये म्हणून गप्प राहिले, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मी माझी शान जपली. ते विचारायचे, "ठिपका हाय ना गं?" मी म्हणायचे, "हाव, अप्पा." ठिपका तर होताच.

अशी चार वर्षं गेली. मागच्या वर्षी ते सारखे पडायला लागले, माणसं विसरायला लागले. मग मीच त्यांना ऑपरेशनचं विचारायला लातूरला नेलं. आता उपयोग नाही, वेळ गेली, डॉक्टर म्हणाले. परतताना गाडीत अप्पांनीच माझ्या मांडीवर थोपटलं.

"लागू दे येळ तुझ्या पेशीला. मला कुठं घाई हाय?"

ते चित्र आता देवघरात आहे. आई रोज त्याला विभूती लावते. मग अप्पांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरते, तेव्हा कुठे लिंग तळव्यावर टिकतं. माझं नाव त्यांना कधी आठवतं, कधी नाही. ठिपक्याचं मात्र विसरत नाहीत. परवा रविवारीही विचारलं.

मी हाव म्हणाले.