तीस गुंठ्यांचं शून्य

मशीन खोटं बोलत नाही, असं आमच्या गावात सगळ्यात आधी मीच सांगितलं. साठचं दशक सरत आलं होतं. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत मी नोकरीला होतो आणि तिथे नवं संगणक यंत्र आलं होतं. गावाकडे गेलो की लोक विचारत, ते मशीन नेमकं करतं काय? मी ऐटीत सांगायचो, हिशेब करतं, आणि त्यात कुणाची भीड ठेवत नाही. हे वाक्य माझ्या काकांनी नीट लक्षात ठेवलं.

काका म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ. वडील गेल्यावर घर त्यांनीच चालवलं, मला शहाद्याला शाळेत घातलं, पुढे मुंबईला धाडलं. सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीच्या काठावर आमचं गाव. नदीतून पाणी उचलून पाइपाने शेतांत खेळवणारी सोसायटी गावाने नुकतीच उभी केली होती आणि काका तिचे चेअरमन होते. पाणी आलं तशी भांडणंही आली. आठवड्यात मोटार किती तास चालणार ते ठरलेलं. त्यातली कुणाची पाळी किती तासांची, यावरून रोज कुणी ना कुणी फावडं घेऊन चारीवर उभा असायचा.

एका सुटीत काकांनी मला ओसरीवर बसवून घेतलं.

"मशीनले ना सगा, ना सोयरा," ते म्हणाले. "ते सांगी तेच खरं. तू पाळ्या लाई देशी का भाऊ?"

मला तर हवंच होतं. इतकी वर्षं ज्यांनी पोसलं त्यांच्या उपयोगी पडायची संधी होती. प्रत्येक सभासदाची जमीन किती गुंठे ते काकांकडून उतरवून घेतलं आणि मुंबई गाठली.

मुंबईत वेगळंच रामायण चाललं होतं. नव्या यंत्रावर फोरट्रान ही भाषा बसवण्याचं काम आमच्याकडे होतं. आपण लिहिलेल्या ओळी यंत्राला कळेल अशा करून देणारा एक कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, असतो, कंपायलर. तो भोकं पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातून यंत्रात भरायचा. मुंबईच्या दमट हवेत ती कार्डं पापडासारखी फुगायची आणि वाचणाऱ्या यंत्राच्या घशात अडकायची. अडकलेलं कार्ड सोडवायचं, फाटलं असेल तर नवं पाडायचं आणि गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून लावायचा. कसाबसा कंपायलर आत गेला, तर जुन्या यंत्रावर बिनबोभाट चालणाऱ्या ओळी नव्याला चालेनात. ओळ सातव्या रकान्यातच सुरू झाली पाहिजे, कंस उघडला तेवढ्या वेळा बंद केला पाहिजे. एक स्वल्पविराम राहिला की यंत्र पानभर तक्रारी छापून तोंडावर फेकायचं. माझे सहकारी वैतागायचे. मला मात्र ती भाषा आवडायला लागली होती. आमच्या घरात कुणी रागावलं तर आठवडाभर ताटावर बसून मुकाट जेवायचं आणि कारण काही सांगायचं नाही. ही बया निदान काय चुकलं ते तिथल्या तिथे सांगत होती.

पाळ्यांचा कार्यक्रम मी फावल्या वेळात लिहिला. हिशेब सरळ होता. गुंठ्यांना चाळीसने भागून एकर काढायचे आणि एकरांच्या प्रमाणात मोटारीचे तास वाटायचे. एकर ज्यात साठवायचे त्याला इंग्रजी अक्षरांत 'जमीन' असंच नाव दिलं. ज्याला शून्य तास येतील तो छापायचा नाही, असंही सांगून ठेवलं. कारण काही सभासदांची शेतं पाइपलाइनच्या बाहेर होती आणि त्यांची जमीन मी शून्य धरली होती. स्वल्पविरामांचे, कंसांचे घोळ निस्तरले. मग एक दिवस यंत्राने काहीही कुरकुर न करता यादी छापून दिली. काकांच्या बारा एकरांचे तास यंत्राने काढलेल्या एकूण एकरांच्या बरोबर प्रमाणात पडले होते. तेवढं ताडून मी यादी पिशवीत घातली आणि गावी निघालो.

मारुतीच्या पारावर सभा भरली. यादी काकांनी स्वतः वाचली. अशी कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावरची अक्षरं गावाने कधी पाहिली नव्हती. दोघातिघांनी हात लावून पाहिला. काका एकेक नाव आणि तास सांगत गेले, लोक माना डोलावत गेले. भांडण झालं नाही. माझी छाती फुगली होती.

सभा पांगल्यावर फुई माझ्याजवळ आली. फुई म्हणजे माझी आत्या, काकांची सख्खी धाकटी बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. भावांनी तिला तीस गुंठे तोडून दिले होते, काकांच्या बागेला लागूनच, आणि त्यात तिने केळी लावली होती. माझी आई लवकर गेली; मला न्हाऊमाखू घातलं ते फुईने.

"भाऊ, मन्ही पाळी कवय शे?" आपली पाळी कधी आहे ते ती विचारत होती. "नाव ऐकू उनं नही."

मी म्हटलं, वाचताना सुटलं असेल. काकांकडून यादी घेतली आणि वरपासून खालपर्यंत पाहिली. फुईचं नाव नव्हतंच. एकरापेक्षा कमी जमीन असलेल्या कुणाचंच नव्हतं; ते सगळे मोठ्यांच्या शेतांवर राबणारे, पारावर तोंड उघडणारे नव्हेत.

फुईच्या ओट्यावर बसून मी पेन्सिलीने हिशेब मांडला आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फोरट्रानचा एक नियम होता, तो मला पाठ होता आणि तरी हातून निसटला होता. आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव दिलं, तर त्यात फक्त पूर्ण आकडा राहतो, पुढचा अपूर्णांक गळून पडतो. 'जमीन' हे नाव 'जे' या इंग्रजी अक्षराने सुरू होत होतं. म्हणून दीड एकरवाल्याचा एक एकर झाला आणि फुईच्या पाऊण एकराचं शून्य झालं. मोटारीचे एकूण तास तेवढेच होते. तेव्हा लहानांचं कापलं गेलेलं पाणी आपोआप मोठ्यांच्या पदरात पडलं. एका स्वल्पविरामासाठी पानभर कावकाव करणाऱ्या भाषेने माझ्या फुईचं शेत गिळलं आणि ढेकरसुद्धा दिला नाही. मला तेव्हा खरंच वाटलं की याहून मोठा दगा नसतो.

लगेच काकांना गाठून सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं," ते म्हणाले. "नवी यादी लई ये. कमिटीपुढे ठेवसू."

मुंबईला जाऊन मी त्या नावाच्या आधी 'ए' हे एक अक्षर जोडलं. दुरुस्ती तेवढीच होती. या वेळी सगळ्या सभासदांचे तास हाताने मांडून पडताळले. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरली होती तेव्हा रजा काढून गेलो आणि यादी काकांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांखालून घातली, घडी करून बंडीच्या खिशात घातली आणि मला जेवायला बसवलं. फुईला सांगून आलो की आता पाणी येईल.

पुन्हा गावी जाणं झालं ते भर उन्हाळ्यात. शहाद्याच्या स्टँडवरून एस.टी. पकडली आणि फाट्यावर उतरून शेताच्या वाटेनेच घरी निघालो. फुईची केळी उभ्या उभ्या वाळली होती. बुंधे मधोमध मोडून पडले होते, पानं कागदासारखी वाजत होती. बांधाच्या पलीकडे काकांची बाग हिरवीगार होती. पंपघराच्या दारावर अजून माझी पहिलीच यादी चिकटवलेली होती.

काका ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी पिशवीही खाली ठेवली नाही.

"काका, नवी यादी ठेवी नही का कमिटीपुढे?"

"ठेवी ना," ते म्हणाले.

"मग?"

"लोकेस्नी विचारं, ही बदली कशी? मी सांगं, पोऱ्याले फुईना पुळका उना, म्हनीसन मशीनमा हात घालीसन दुसरी लई उना."

पहिली यादी चुकलेली आहे, हे मी त्यांना आकडे मांडून दाखवलं होतं. तेच मी पुन्हा सांगायला लागलो, तर त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"माले पहिलेच दिन समजी गयं व्हतं," ते म्हणाले. "पारवर वाचता वाचताच. एकरनं खाले कोणीच नही, हाई काय दिसत नही का? पण लोकेस्ले पटनं, भांडणं मिटनात. आते कसाले ढवळी ऱ्हायना?"

म्हणजे मी धापा टाकत त्यांना चूक सांगायला गेलो, तेव्हा ती त्यांना आधीच ठाऊक होती. मी मुंबईत एकेक आकडा ताडत होतो तेव्हा इथे पाळ्या सुरळीत चालल्या होत्या. ज्या माणसाने मला शिकवलं, त्याने माझं शिक्षण आणि माझं नाव वापरून स्वतःच्या बहिणीचं पाणी तोडलं, आणि वर मलाच लबाड ठरवलं. यंत्राला निदान कळत नव्हतं ते काय करतंय. त्या दिवसानंतर मी काकांच्या घरी पाणी प्यायलो नाही, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

कमिटीतल्या दोघांना भेटलो. ते माझ्याशी फार गोड बोलले. फुईवर एवढी माया करणारा भाचा मिळायला नशीब लागतं, असं एक जण म्हणाला. पहिली यादी मशीनची, दुसरी माझी, एवढं गावाने पक्कं धरलं होतं. दोन्ही मशीनच्याच होत्या आणि चूक माझ्या एका अक्षराची होती, हे ऐकायला कुणी तयार नव्हतं. मशीन खोटं बोलत नाही, हेच ते मला परत ऐकवत होते.

शेवटी फुईकडे गेलो. ती दारात बसून मिरच्या निवडत होती. तिने मला आधी पाणी दिलं, गूळ दिला. मग सहज सांगितलं की तीस गुंठे तिने भावाला, म्हणजे काकांना, देऊन टाकले, तोच आता बघेल. मी विचारलं, कमिटीत जाऊन पाणी का मागितलं नाहीस, नव्या यादीत तुझे तास होते.

"गयथू ना," ती म्हणाली. "मीच सांगी उनू, माले नको ते पाणी." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मन्हासाठे खोटं कराले नको व्हतं, भाऊ. गावले एक हिसाब आनि माले एक, असं कसं चाली?"

मी तिला सगळं सांगितलं. गुंठे, एकर, अपूर्णांक, ते अक्षर, काकांनी ओसरीवर दिलेली कबुली. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. लहानपणी मी शाळेतून काहीतरी मोडून आलो की माझी लांबलचक हकिकत ती अशीच पूर्ण ऐकून घ्यायची.

"बरं, भाऊ," ती म्हणाली. "जाऊ दे. मी नही मनवर लेत."

आणि तिने मला माफ करून टाकलं.